मदत हवी आहे: टनभराचा दगड एकट्याने कसा हलवावा?

नमस्कार मंडळी. विहिरीजवळचा एक काळा दगड ४० फुटांवरच्या बांधाला न्यायचाय. ४ फूट लांब, २ फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे जवळजवळ एक टन. जेसीबी आत शिरत नाही आणि हाताशी कुणी नाही. ५ फुटी पहारीला टोकापासून ३ इंचांवर टेकू दिला की एक कड उचलली जाते, इतपत जमलं.

मिशिगनचे निवृत्त सुतार वॉली वॉलिंग्टन यांनी काँक्रीटचे अवजड ठोकळे मध्याजवळ ठेवलेल्या दोन खड्यांवर आळीपाळीने फिरवत एकट्याने पुढे नेले. फार सुंदर युक्ती! पण माझ्या काळ्या मातीत खडा रुततो. खाली जाड लोखंडी पत्रा घालू, की फळ्या अंथरून गोल ओंडक्यांवरून ढकलू? शेवटी थोडा उतार आहे, तिथे दगड सुटू नये म्हणून पाचरी कुठे ठोकायच्या? स्वतः केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.