मुंबईच्या टांकसाळीत पडलेला १८९९ चा चांदीचा डॉलर : रोजच्या व्यवहारात तो कसा चालत असे?

नमस्कार,

आमच्या घरी चांदीचे एक जुने नाणे आहे, त्याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. माझे पणजोबा रत्नागिरीहून येऊन बोटीवर खलाशी म्हणून लागले होते व हाँगकाँग-सिंगापूरकडे जात असत, त्यामुळे नाणे त्यांनीच आणले असावे असे घरात मानतात. नाण्याच्या एका बाजूस त्रिशूळ व ढाल घेतलेली ब्रिटानिया (ब्रिटनचे प्रतीक असलेली स्त्री) उभी असून खाली १८९९ हे साल आहे. दुसऱ्या बाजूस नक्षीकाम, चिनी अक्षरे आणि अरबी वळणाच्या लिपीतला मलय मजकूर आहे. भिंगातून पाहिले असता त्रिशुळाच्या मधल्या टोकावर ‘बी’ हे बारीक अक्षर दिसते, म्हणजे नाणे मुंबईचे. वजन २६.८ ग्रॅम भरले. ब्रिटानियाच्या आसपास खिळ्याने ठोकल्यासारखे चार-पाच छोटे ठसे आहेत, आणि त्यांतले एक चिनी अक्षर असावे असे वाटते.

हे ‘व्यापारी डॉलर’ १८९५ पासून हाँगकाँग आणि स्ट्रेट्स सेटलमेंट्स, म्हणजे सिंगापूर, पेनांग व मलाक्का, यांच्यासाठी पाडले जात, एवढे मी वाचले आहे. परंतु एवढे जड नाणे घेऊन सामान्य माणूस बाजारात मासळी किंवा तांदूळ कसा घेत असेल, मोड कोण देत असेल, आणि हे ठसे कोणी व कशासाठी मारले असतील, हे कळत नाही. आमचे सोनार ठसे घासून नाणे चकचकीत करून देतो म्हणतात. तसे करावे का?

प्रतिसाद १

कृपया घासू नका. आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या ठशांतच आहे.

दक्षिण चीनमध्ये डॉलर हा मुळात राजाच्या शिक्क्यावर चालत नसे, तर चांदीचा तुकडा म्हणून चालत असे. मोठ्या देण्याघेण्यात तो तराजूत टाकून घेत आणि एका डॉलरचे वजन साधारण ०.७२ ‘तेल’ (tael, चांदी तोलायचे चिनी माप) धरत. (स्पॅनिश व नंतर मेक्सिकन डॉलर तिथे याच रीतीने रुळले होते, ब्रिटिशांचा डॉलर त्यांच्या जागी उशिरा आला.) पेढीवरचा सराफ नाणे बोटावर तोलून वाजवून पाही, कड निरखी आणि खात्री पटली की आपल्या पेढीचा बारीक ठसा त्यावर ठोकी. तेच नाणे पुन्हा त्याच्याकडे आले तर तपासायची गरज उरत नसे. ही काळजी फुकाची नव्हती. काही कारागीर डॉलर कडेने चिरून आतली चांदी कोरून काढत, पोकळीत हलक्या प्रतीचा धातू भरत आणि दोन्ही बाजू पुन्हा डाखून टाकत. असे नाणे दिसायला अस्सल असे, पण त्याचा नाद बद्द येई. उलट, खरे नाणेही ठसे खाऊन खाऊन कधी कधी वाटीसारखे वाकडे होई, तरी वजनावर ते चालतच राही.

मासळी-तांदळासाठी मात्र डॉलर बाहेर काढायचा नसे. हाँगकाँगमध्ये त्यासाठी ५, १० व २० सेंटांची चांदीची नाणी आणि एका सेंटचे काशाचे नाणे होते. चिनी मुलखात चौकोनी भोकाची ‘कॅश’ नाणी दोरीत ओवून ठेवत. डॉलर मोडून द्यायला नाणी बदलणारे दुकानदार बसलेले असत, आणि एका डॉलरला किती कॅश द्यायच्या हा भाव गावोगावी निराळा असून सतत हलत असे. मजुराचा महिन्याचा पगार मोजक्या डॉलरांतच बसत असल्यामुळे त्याच्या हाती ते पगाराला, भाड्याला किंवा उधारी फेडायलाच येत.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. सोनारांना नाही म्हणून कळवले आहे. एकच शंका उरते : नाणे मुंबईतच पडलेले असताना पणजोबांनी ते मुंबईत खर्च का केले नसावे?

प्रतिसाद २

कारण मुंबईत ते चलनच नव्हते. १८९३ मध्ये सरकारने रुपयासाठी लोकांची चांदी स्वीकारणे बंद केले, टांकसाळीची यंत्रे मोकळी झाली, आणि बँका चांदी आणून देऊन इथे डॉलर पाडून घेऊ लागल्या. ते पेट्यांत भरून पूर्वेकडे जात. आपल्या नाण्यात सुमारे २४ ग्रॅम शुद्ध चांदी आहे, आणि त्या काळच्या रुपयात पावणेअकरा ग्रॅमच्या आत, म्हणजे चांदीच्या हिशेबाने डॉलर सव्वादोन रुपयांचा होतो. परंतु रुपयाचा भाव सरकारने चांदीपासून तोडून १ शिलिंग ४ पेन्सवर बांधला होता आणि डॉलर चांदीच्या बाजारभावाबरोबर घसरत होता, त्यामुळे १९०० च्या सुमारास डॉलरचे जेमतेम दीड रुपया येत. इथल्या सराफाकडे तो चांदी म्हणूनच विकावा लागला असता. पुढच्या सफरीत सिंगापुरास तो पूर्ण किमतीला चालवता आला असता, पण १९०३ मध्ये स्ट्रेट्सने स्वतःचा डॉलर काढला आणि पुढच्याच वर्षी हा जुना डॉलर तिथल्या चलनातून बाद झाला. हाँगकाँगचा दरवाजा मात्र १९३५ पर्यंत उघडा होता.