मदत हवी आहे : बॉक्सर-नटावरील एकांकिकेतील मारामारी कशी बसवावी?

नमस्कार मंडळी. नागपुरातील आमच्या हौशी नाट्यगटासाठी मी व्हिक्टर मॅक्लाग्लेन या बॉक्सरच्या जीवनावर एकांकिका लिहीत आहे. 1909 साली व्हँकुव्हरमध्ये जगज्जेत्या जॅक जॉन्सनसमोर सहा फेऱ्या उभा राहिलेला हा गडी पुढे मूकपटांत शिरला आणि ‘द इन्फॉर्मर’ (1935) मधील भूमिकेसाठी त्याने सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर पटकावले. माझ्या मते खरे नाट्य या दोन टोकांमधल्या उमेदवारीतच आहे.

अडचण तालमीत आली. मुख्य भूमिका करणारा माझा भाचा आठ वर्षे बॉक्सिंग खेळलेला असल्यामुळे त्याची हनुवटी सतत छातीशी आणि मुठी गालाशी असतात, परिणामी मागच्या रांगेला त्याचा चेहराच दिसत नाही. शिवाय ठोसा वीतभर अलीकडे थांबवायचा असतो, हे त्याच्या हाताला अजून पटलेले नाही (जॉन्सन झालेल्या मुलाचा ओठ परवाच सुजला). रंगमंचावरील मारामारी बसवण्याचा अनुभव असलेले कोणी धरमपेठ किंवा सीताबर्डी परिसरात असल्यास, अथवा ही सवय मोडण्याची युक्ती ठाऊक असल्यास, कृपया कळवावे. तालीम रोज संध्याकाळी सात वाजता असते.