समुद्राखाली साठवलेला सीओटू गळतोय की नाही हे कळतं कसं?

खारावारा: नॉर्वेवाले नॉर्थ सीमधे स्लाइपनर या गॅसक्षेत्रात १९९६ पासून सीओटू (कार्बन डायऑक्साइड) समुद्रतळाखालच्या थरात सोडतायत, सुरुवातीची बरीच वर्षं तर वर्षाला साधारण १० लाख टनांपर्यंत. वर ऐंशीएक मीटर पाणी, त्याखाली शेकडो मीटर खडक आणि हा सोडलेला गॅस त्याच्याही खाली. थोडाथोडा निसटत असेल तर पकडणार कसा? समुद्राच्या पाण्यात तर सीओटू आधीपासूनच असतो ना?

थरावरथर: मुख्य काम सायझ्मिक सर्व्हेचं. जहाजावरून खाली आवाज सोडायचा, थरांवर आपटून परत येतो तो नोंदवायचा, आणि काही वर्षांनी तोच सर्व्हे परत करून दोन्ही ताडून बघायचे. वाळूच्या दगडातल्या खाऱ्या पाण्याची जागा सीओटूने घेतली की आवाजाचा वेग कमी होतो आणि तेवढा भाग उठून दिसतो. स्लाइपनरला गॅस कसा पसरत गेला ते असंच दिसलंय, वरच्या शेलमधून (झाकणासारख्या घट्ट, चिकणमातीच्या खडकातून) बाहेर पडल्याचं दिसलेलं नाही.

दुसरं म्हणजे थरातलं प्रेशर, आणि माझ्या मते याकडे लोक फार कमी बघतात. नॉर्वेच्याच स्नोविट या गॅसक्षेत्रात २००८ मधे सीओटू सोडायचं काम सुरू झालं, प्रेशर अंदाजापेक्षा भराभर चढलं म्हणून २०११ मधे दुसऱ्या थरात सोडायला लागले. गळती झाली नव्हती, आधीच सावध झाले.

निळीशाई: वरचं बरोबर आहे पण अगदी बारीक गळती सायझ्मिकमधे दिसेलच असं नाही, त्यासाठी तळाशीच कान लावावे लागतात. बुडबुडा सुटताना आवाज करतो तो हायड्रोफोनला (पाण्याखालच्या माइकला) ऐकू येतो, सोनारवरही बुडबुडे दिसतात. २०१९ मधे नॉर्थ सीमधल्याच गोल्डनआय या जुन्या गॅसक्षेत्राजवळ १२० मीटर पाण्यात, तळाच्या ३ मीटर खाली मुद्दाम सीओटू सोडून ही उपकरणं तपासली होती, आणि गळती सापडली.

खरी पंचाईत तू शेवटी विचारलंस तीच आहे. जपानमधे तोमाकोमाईला २०१६ मधे इंजेक्शन (सीओटू तळाखाली सोडणं) सुरू झाल्यावर पाण्यातला सीओटू ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेला आणि काम परत सुरू व्हायला पुढच्या वर्षीचा फेब्रुवारी उजाडला. गळती नव्हतीच, समुद्राचा नेहमीचाच चढउतार होता, पण मर्यादा ठरवताना जेमतेम वर्षभराची मोजमापं हाताशी होती. समुद्रातले जीव ऑक्सिजन घेतात आणि सीओटू सोडतात, त्यामुळे एक वाढला की दुसरा कमी होतो. ऑक्सिजन तेवढाच राहून नुसता सीओटू वाढला तर मात्र संशय घ्यायचा. म्हणून इंजेक्शनच्या आधी निदान काही वर्षं तरी सगळ्या ऋतूंत मोजमाप झालंच पाहिजे, यात कंजूषी अजिबात नको.

खारावारा: हे ऑक्सिजनचं माहीतच नव्हतं, थँक्स. मग सगळ्यात जास्त धोका कुठे? आणि इंजेक्शन बंद झाल्यावर लक्ष कोण ठेवतं?

थरावरथर: धोका जुन्या, बंद केलेल्या तेल-गॅसच्या विहिरींचा. सिमेंट खराब झालं तर गॅसला थेट वरची वाट मिळते, त्यामुळे सेन्सर आधी त्यांच्याभोवती लावायला हवेत.

युरोपियन युनियनच्या २००९ च्या नियमात साइट बंद केल्यावरही जबाबदारी कंपनीचीच राहते, साधारणपणे किमान २० वर्षं. मग गॅस कायमचा अडकून राहील असं पुराव्यानिशी दाखवलं तरच सरकार ताब्यात घेतं, आणि पुढच्या किमान ३० वर्षांच्या देखरेखीचा खर्च भागेल एवढे पैसे कंपनीला आधी भरावे लागतात. मला विचारशील तर हा सगळा डेटा कोणालाही बघता येईल असा खुला ठेवायला हवा, कंपनीबाहेरच्या लोकांनी तपासल्याशिवाय भरवसा कसा ठेवायचा?