स्क्रीनर लावला म्हणजे अभ्यास झाला का?

कोथरूडकर
हिंजवडीत आमच्या टीममध्ये शेअर निवडायची सध्या एकच पद्धत चालते, ती म्हणजे स्क्रीनर, आकड्यांच्या अटी घालून कंपन्या गाळणारं साधन. आरओसीई (धंद्यात गुंतवलेल्या भांडवलावरचा परतावा) २० टक्क्यांच्या वर, कर्ज नगण्य, पीई (शेअरचा भाव प्रति शेअर नफ्याच्या किती पट) २५ च्या आत अशी चाळणी लावायची आणि उरलेल्या नावांतली चार उचलायची. माझं ठाम मत आहे की स्क्रीनर नकार द्यायला उत्तम, होकार द्यायला नाही. पीई कमी दिसला की आधी 'इतर उत्पन्न', म्हणजे मुख्य धंद्याबाहेरची कमाई बघा. कंपनीने एखादी जमीन विकली की त्या वर्षी नफा फुगतो आणि शेअर स्वस्त भासतो. पोलादात तर पोलादाचे भाव शिखरावर असतानाच नफा सर्वांत जास्त, म्हणून पीई सर्वांत कमी. नेमकं तेव्हाच लोक घेतात!

सातारा रोड
नकारालाही उत्तम नाही हो. कर्ज कमी हवं अशी अट घातलीत तर आपल्या पुण्याची बजाज फायनान्स पहिल्याच फेरीत बाद. पैसे उसने घेऊन कर्जं वाटणं हाच तिचा धंदा. बँका आणि एनबीएफसींमध्ये (बँक नसलेल्या वित्त कंपन्यांमध्ये) बुडीत कर्जं आणि भांडवल पर्याप्तता, म्हणजे तोटा सोसायला स्वतःचं भांडवल पुरेसं आहे का, ते बघायचं असतं.

निगडीचे काका
आणि आकडेच खोटे असले तर? सत्यम या आयटी कंपनीच्या सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात ५,३६१ कोटींची रोख आणि बँक शिल्लक होती. जानेवारी २००९ मध्ये तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी कबूल केलं की त्यातले ५,०४० कोटी नव्हतेच.

चाकण_शिफ्ट
काका, वार्षिक अहवाल वाचणारेही तेव्हा फसलेच ना? मग दोष एकट्या स्क्रीनरचा कसा? बीएसईवर हजारो कंपन्या आहेत, नोकरी करून त्या सगळ्यांचे अहवाल मी कधी वाचू? चाळणी नसेल तर माझ्यासारखी माणसं व्हॉट्सअ‍ॅपवरच्या टिपांकडे वळतात, आणि तिथे तर आकडेही नसतात. मी नफ्याशेजारी कामकाजातली रोख, म्हणजे धंद्यातून प्रत्यक्ष हाती आलेला पैसा लावते. नफा वाढतोय, पण रोख येत नाही आणि येणी (ग्राहकांकडून यायचे पैसे) फुगताहेत, अशी कंपनी तिथेच गळते. प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी, कर्जासाठी किती शेअर तारण ठेवलेत तेही दिसतं.

निगडीचे काका
रोखीचं पटलं. पण संबंधित पक्षांशी (प्रवर्तकांचे नातलग, त्यांच्याच इतर कंपन्या) झालेले व्यवहार, लेखापरीक्षकाचे शेरे? ते अहवालातच वाचावे लागतात.

चाकण_शिफ्ट
वाचते की, चाळणीतून उरलेल्यांचे. बँकांसाठी वेगळी चाळणी करेन, सातारा रोड यांचं म्हणणं रास्त आहे. चाळणी मात्र सोडणार नाही.