मदत हवी आहे : ३७९७२१ मूळ संख्या आहे हे फळ्यावर कसं दाखवू?

नमस्कार मंडळी. जुळे सोलापूरला दहावीच्या शिकवण्या घेतो. अभ्यास उरकला की पोरं गमतीचं गणित मागतात, म्हणून परवा १२३४५६७८९ चे अवयव पाडायला दिले. अंकांची बेरीज ४५, म्हणजे ९ ने भाग जातो, उरले १३७१७४२१. फर्माची रीत लावली, म्हणजे संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत मांडायची आणि त्या दोन संख्यांची वजाबाकी आणि बेरीज हे अवयव. ३७०४ च्या वर्गाने जमलं नाही, पण ३७०५ च्या वर्गातून ही संख्या वजा केली तर ९६०४, म्हणजे ९८ चा वर्ग! अवयव ३६०७ आणि ३८०३. पोरं खूश.

मग एक मुलगी म्हणाली, "सर, उलटी करून बघू की."

९८७६५४३२१ = ९ × १७ × १७ × ३७९७२१. इथंच गाडी अडली. ३७९७२१ मूळ संख्या आहे खरी, पण साध्या रीतीने सिद्ध करायची तर ६१३ पर्यंतच्या ११२ मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. तोवर वर्ग रिकामा होईल.

दहावीच्या पोरांना झेपेल अशी छोटी रीत कुणाला माहीत आहे का? ३७९७२० = ८ × ५ × ११ × ८६३, याचा काही उपयोग होतो का? कॅल्क्युलेटर चालेल, तयार प्रोग्रॅम नको.