नॅनो रीफ: सगळ्या टेस्ट चांगल्या, तरी गोगलगायी मरतायत. तातडीने मदत हवी

खारंपाणी_नवखा
नमस्कार मंडळी. डोकं चालेनासं झालंय म्हणून लिहितोय. काच कापून आणून घरीच छोटा रीफ टँक (कोरल, म्हणजे प्रवाळ, ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक) बांधला. मागे तीन खण, सगळं स्वतःच्या हाताने. सात आठवडे झाले, सायकल पूर्ण, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू जमलेत. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट ५, सॅलिनिटी (पाण्याचा खारटपणा) १.०२५, तापमान २६. यात नाव ठेवायला जागा आहे का? तरी गेल्या आठवड्यात तीन टर्बो गोगलगायी मेल्या, चौथी कालपासून उलटी पडलीये. झोआ (फुलांसारखे उघडणारे कोरल) मिटलेत ते उघडायचं नाव घेत नाहीत. मशरूम कोरल आक्रसून नखाएवढा झालाय. गोबी मासा मात्र ठणठणीत, म्हणजे पाण्यात खोट नाही. मग झालंय काय? कृपया "धीर धरा" हे उत्तर नको, ते ऐकून कान किटलेत.

प्रवाळवेडी
टँक केवढा? दगड-वाळू वजा जाता पाणी किती लिटर? पाणी आरओचं की नळाचं? दिवा किती तास? आणि "सगळ्या टेस्ट" म्हणताय त्यात केएच (पाण्यातली कार्बोनेटची क्षारता) आणि कॅल्शियम कुठंय?

स्किमरवाला
स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र) आहे का? नसेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही. स्किमर लावा, आठवड्यात फरक दिसेल.

शून्य_टीडीएस
माझा संशय तांबं या धातूवर. जुना पंप, पितळी स्क्रू, आधी माशांवर वापरलेलं औषध, काहीही असू शकतं. मासा जगतो आणि गोगलगाय मरते, ही तांब्याची जुनी खूण. माझ्याकडे असंच झालं होतं, पंखा अडकवायच्या क्लिपचा स्क्रू गंजून पाण्यात पडला होता. टॉर्च घेऊन मागचे खण तपासा.

काचकाम
टँक घरी बांधलाय म्हणता, पण सिलिकॉन कोणतं ते नाही सांगितलंत. न्हाणीघरासाठीचं बुरशीरोधक घेतलं असेल तर विषय संपला. साधं शंभर टक्के सिलिकॉन हवं, लावताना सिरक्यासारखा उग्र वास येतो ते. आणि पाणी भरण्याआधी किती दिवस सुकवलं? मी आठवडाभर ठेवतो. लोक रात्री चिकटवतात आणि सकाळी पाणी भरतात. काच किती मिलिमीटरची? कडा घासल्या होत्या का? मागच्या खणांच्या पट्ट्या काचेच्या की अॅक्रिलिकच्या? अॅक्रिलिकला सिलिकॉन नीट धरत नाही, हे लक्षात असू द्या.

गप्पीप्रेमी
खाऱ्या पाण्याचा अनुभव नाही, पण १२ वर्षं गप्पी पाळतोय. काहीही झालं की मी निम्मं पाणी बदलतो. कधी अडलं नाही.

खारंपाणी_नवखा
अहो, एकेक करून विचारा. टँक ३६ × ३० × ३० सेंमी, आत पाणी २४ लिटर धरा. आरओचं पाणी, टीडीएस शून्य, मीठ रीफसाठीचंच. दिवा आठ तास. सिलिकॉन मत्स्यालयाचंच, दहा दिवस सुकवलं. काच ६ मिमी, पट्ट्याही काचेच्या. सिलिकॉन वाईट असतं तर पहिले पाच आठवडे सगळं मजेत कसं राहिलं असतं? स्किमर नाही, मागे मावतच नाही. स्क्रू एकही नाही, पंखासुद्धा प्लास्टिकच्या चिमट्याने लावलाय. केएच आज मोजला, ११. कॅल्शियम ५४०. हेही चांगलंच ना, कोरलला कॅल्शियम लागतं.

उद्या एक करणार आहे. ज्या दगडावरचे झोआ मेल्यासारखे दिसतात तो बाहेर काढून उकळतो, म्हणजे कीड असेल तर मरेल. बरोबर आहे ना?

रात्रपाळी
नाही!! दगड उकळू नका. बाकी काहीही करा, हे नको.

झोआ आणि त्यांचे भाऊबंद पॅलिथोआ यांच्यापैकी काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं. १९७१ साली हवाईतल्या पॅलिथोआमधून ते वेगळं काढलं. निसर्गात सापडणाऱ्या अतिजहाल विषांत त्याची गणना होते आणि त्यावर उतारा नाही. उकळत्या दगडाची वाफ श्वासात जाऊन अख्खं कुटुंब रुग्णालयात भरती झाल्याच्या नोंदी आहेत. कोरड्या दगडावर ब्रश घासायचा नाही, गरम पाणी ओतायचं नाही, हाताला चीर असेल तर उघड्या हाताने धरायचा नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. घरात मूल किंवा कुत्रा-मांजर असेल तर दुप्पट काळजी.

खारंपाणी_नवखा
बापरे. बरं झालं विचारलं. नाही उकळत.

स्किमरवाला
मावत नाही हे कारण नाही. काचेवर बाहेरून अडकवायचे स्किमर मिळतात.

जुनी_लाट
स्किमरवाले, २४ लिटरला स्किमर म्हणजे डबक्याला धरणाचे दरवाजे. आठवड्याला दोन-तीन लिटर पाणी बदललं की तेच काम होतं. १९६१ साली इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत छापून मांडली. जिवंत दगड, समुद्राचं पाणी, हवेचे बुडबुडे, बस्स. त्यांच्याकडे कुठला आला स्किमर?

स्किमरवाला
त्यांच्याकडे समुद्र होता हो दाराशी. बादलीभर ताजं पाणी रोज. आपली गोष्ट वेगळी. आणि सत्तरच्या दशकात जर्मनीत रीफ टँक खऱ्या अर्थाने टिकायला लागले ते स्किमरमुळेच, हेही लिहा की.

जुनी_लाट
स्किमर अधिक जिवंत दगड. निम्मं वाक्य खाऊ नका.

कायदेपंडित
कोरल कुठून आणलेत ते धाग्यात दिसलं नाही. कठीण सांगाड्याचे सगळे कोरल साइट्स कराराच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, कागदपत्रं लागतात.

प्रवाळवेडी
झोआ आणि मशरूम कठीण सांगाड्याचे नाहीत, ते त्या यादीत येत नाहीत. देशोदेशीचे स्वतःचे कायदे वेगळे असतात, ते बघायला हवेत हे मान्य. पण इथे जीव मरतायत, आधी ते पाहू.

नवखा, केएच ११ आला कुठून? काही डोस देता का? आणि नुकतंच मीठ कालवलेल्या पाण्याचा केएच किती येतो?

खारंपाणी_नवखा
डोस काही नाही. नवीन पाण्याचा ८.५, कॅल्शियम ४२०. मिठाच्या डब्यावरही जवळपास तेच लिहिलंय.

प्रवाळवेडी
मग जरा भागाकार करा. ११ भागिले ८.५, आणि ५४० भागिले ४२०. दोन्ही १.२९ च्या आसपास. काहीही न घालता दोन्ही एकाच पटीत वाढलेत. केएच एकटा वाढला असता तर गोष्ट वेगळी होती. दोन्ही एकाच मापाने वाढतात तेव्हा पाण्यातलं सगळंच घट्ट झालेलं असतं, मिठासकट.

सॅलिनिटी १.०२५ लिहिलीत. ती कधी आणि कुठल्या पाण्याची?

खारंपाणी_नवखा
बादलीतल्या. दर वेळी मीठ कालवलं की रिफ्रॅक्टोमीटरने बघतो, १.०२५ च येते. तेच पाणी टँकमध्ये जातं, मग टँकमध्ये पुन्हा काय मोजायचं?

शून्य_टीडीएस
😐

प्रवाळवेडी
आणि टँकमधलं पाणी कमी होतं तेव्हा काय भरता?

खारंपाणी_नवखा
पाणी कमी होतच नाही. पुढची पातळी सात आठवड्यांत तसूभर हललेली नाही, हवं तर फोटो टाकतो. फक्त शेवटच्या खणात, पंप असतो तिथे, थोडं खाली जातं. तेवढं बादलीतलं भरतो. रोज अर्धा लिटरच्या बाटलीत किंचित कमी, ४०० मिली असेल. आधी झाकण होतं तेव्हा आठवड्याला पेलाभर लागायचं. तापमान २९ वर गेलं म्हणून झाकण काढून पंखा लावला, त्याला १८ दिवस झाले.

प्रवाळवेडी
सापडलं.

मागे खण असलेल्या टँकमध्ये पाणी ज्या जाळीतून मागे जातं तिच्या उंचीवर पुढची पातळी ठरते, ती हलत नाही. सगळ्या टँकची वाफ झाली तरी घट दिसते ती शेवटच्या खणात. आणि वाफ फक्त पाण्याची होते हो, मीठ जागच्या जागी राहतं. तुम्ही रोज ४०० मिली गोडं पाणी घालवत होता आणि ४०० मिली खारं भरत होता. एका लिटरमध्ये ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे रोज १४ ग्रॅम जास्तीचं. १८ दिवसांत २५२ ग्रॅम. २४ लिटरमध्ये ते विरघळलं म्हणजे लिटरमागे साडेदहा ग्रॅम वाढले. ३५ चे ४५ झालेत. आत्ताच्या आत्ता टँकमधलं पाणी मोजा.

खारंपाणी_नवखा
१.०३४.

काही बोलू नका, मला कळलं.

शून्य_टीडीएस
मी तांबं म्हणालो होतो, मागे घेतो. पण रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य करून थांबू नका. ३५ चं प्रमाण द्रावण मिळतं, त्यावर जुळवा. शून्याला बरोबर दाखवणारं यंत्र ३५ ला दोन-तीनाने चुकू शकतं.

गप्पीप्रेमी
पण मग मासा कसा ठणठणीत? मिठाचा त्रास त्याला आधी व्हायला हवा ना.

रात्रपाळी
चांगला प्रश्न. हाडांचा मासा अंगातलं मीठ स्वतः सांभाळतो. पाणी पितो, जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. गोगलगाय, कोरल यांना ते जमत नाही. बाहेर जेवढं खारं तेवढंच आत. म्हणून रीफमध्ये माशाकडे बघून पाण्याची परीक्षा करू नये. गोगलगायी आधी बोलतात.

गप्पीप्रेमी
मग निम्मं पाणी काढा आणि गोडं भरा! मी म्हणालोच होतो.

प्रवाळवेडी
अजिबात नको. एका फटक्यात ४५ चे २२ होतील आणि उरलेसुरले जीवही जातील. चढताना १८ दिवस लागले, उतरतानाही सावकाश उतरा. रोज टँकमधलं एक लिटर काढा आणि एक लिटर आरओ घाला. पंपाच्या खणात, हळूहळू, थेट कोरलवर नाही. २४ मधलं १ काढलं की दरवेळी चोविसावा हिस्सा मीठ कमी होतं: ४५ चे ४३, मग ४१... सहा दिवसांत ३५. वाफेची भरपाई वेगळी, तीही साध्या आरओ पाण्याने. रोज मोजा, टँकमध्ये मोजा (बादलीत नाही!). केएच आणि कॅल्शियम आपोआप खाली येतील, त्यांना हात लावू नका.

शेवटच्या खणावर आज टेपने खूण करा. पाणी खुणेखाली गेलं की आरओ. खारं पाणी फक्त पाणी बदलताना.

काचकाम
हे सगळं हाताने कशाला? फ्लोट असलेला ऑटो टॉप-अप (पातळी घटली की आपोआप पाणी भरणारा) लावा, विषय मिटला. मी तर बांधतानाच त्यासाठी वेगळा खण ठेवतो.

जुनी_लाट
आणि फ्लोट अडकला की? गोगलगायच चढून बसते त्याच्यावर, पाहिलंय डोळ्यांनी. एवढ्या टँकला लावायचाच तर साठ्याची टाकी दोन लिटरपेक्षा मोठी नको. सगळी रिकामी झाली तरी ३५ चे ३२ होतील, कोरल तेवढं सोसतात. वीस लिटरचा डबा जोडलात तर एका रात्रीत निम्मं गोडं पाणी, आणि उरलेलं फरशीवर.

काचकाम
चांगला फ्लोट अडकत नाही.

जुनी_लाट
अडकेपर्यंत सगळेच चांगले असतात.

खारंपाणी_नवखा
आठव्या दिवशीचा वृत्तांत. १.०२६. चौथी गोगलगाय वाचली नाही. मशरूम परवा फुगला, आता अंगठ्यापेक्षा मोठा आहे. झोआ अर्धे उघडलेत, दोन-तीन अजून रुसलेले. केएच ८.६. प्रवाळवेडी ताई, तुमचे आभार कसे मानू? नवी प्रमाण बाटली आणून रिफ्रॅक्टोमीटर जुळवला, तो एकाने चुकत होता फक्त. टेपची खूण केली आहे.

एक शेवटचं. आता सगळं स्थिर आहे तर क्लाउनफिशची जोडी सोडू का? लेक मागे लागलीये.

प्रवाळवेडी
आठ दिवसांना स्थिर म्हणत नाहीत हो. आणि २४ लिटरमध्ये जोडी नको, त्यांना याच्या तिप्पट तरी पाणी हवं. शिवाय जोडीतली मोठी ती मादी. एकदा जम बसला की तिला ही जागा आपली वाटायला लागते, मग गोबीची खैर नाही. महिनाभर काही घालू नका. मग गोबीला जोडीदार म्हणून पिस्तूल कोळंबी बघा, लेक तासन्‌तास बसेल समोर. ती बीळ खणते, गोबी दाराशी पहारा देतो.

खारंपाणी_नवखा
लेकीला तीच हवी आता. "पिस्तूल" शब्दच पुरला.

स्किमरवाला
पूर्ण धागा वाचला नाही. स्किमर लावला का शेवटी?