मोंद्रियानचं चित्र, कथक आणि लाइव्ह जॅझ: मागे पडद्यावर चित्र लावायचं का?

तत्कार_नाशिक
मंडळी, सल्ला हवाय. कॉलेज रोडला कथकचा क्लास घेते. यंदाच्या कार्यक्रमात डच चित्रकार पीट मोंद्रियानच्या 'ब्रॉडवे बूगी वूगी' (1942–43) या चित्रावर सहा मुलींचं कथक बसवतेय. साथीला कीबोर्ड, सॅक्सोफोन, ड्रम्स. सॅक्सोफोनवाला एरवी लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो, पण कानाचा पक्का आहे.

युद्धामुळे मोंद्रियान 1940 मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि तिथे बूगी वूगी या पियानोवरच्या ठेकेदार संगीतानं त्याला झपाटलं. आधीच्या चित्रांतल्या काळ्या रेघा या चित्रात गायबच. पिवळ्या पट्ट्या आणि त्यांवर लाल, निळे, करडे चौकोन. नजर एका जागी ठरतच नाही. बूगी वूगीत पियानोवाल्याचा डावा हात तोच तुकडा घोळवत बसतो, म्हणजे कथकच्या साथीला फिरत राहणारी धून, आपला लेहराच की! बारा बारचं (मात्रांच्या गटांचं) चक्र, बारला चार मात्रा, एकूण 48. सोळा मात्रांच्या तीनतालाची बरोब्बर तीन आवर्तनं. हे लक्षात आलं तेव्हा रियाझ सोडून चहा टाकला.

घोडं अडलंय ते असं: आयोजक म्हणतात, मागे एलईडीवर चित्र लावा आणि मुलींना लाल-पिवळे-निळे ड्रेस घाला. मला ते शाळेचं गॅदरिंग वाटतं. शिवाय घुंगरू ड्रम्सखाली बुडतात ते वेगळंच.

काठ्या_आणि_ब्रश
ताई, ड्रमरच्या हातातल्या काठ्या काढून ब्रश द्या. घुंगरांचा आवाज खातो तो राइड सिंबल, म्हणजे ड्रम्समधली मोठी झांज. रंगमंचाच्या पुढच्या कडेला जमिनीलगत माइक ठेवा. अजून एक. जॅझच्या झुलत्या लयीत, म्हणजे स्विंगमध्ये, मात्रेचे दोन सारखे भाग पडत नाहीत. तिचे तीन करायचे, पहिला आणि तिसरा वाजवायचा. मुलींकडून तिस्र जातीत, म्हणजे मात्रेला तीन अशा लयीत, तत्कार (पायांचं काम) घोटून घ्या. आणि जॅझचा ठोका दोन-चारवर पडतो, त्या नादात सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, निसटते, सांभाळा.

कुंचला
पडदा नकोच. जॅझ आहे म्हणून ते चित्रात दाखवायलाच हवं असं नाही; चित्रकार मातीसच्या 'जॅझ' या चित्रपुस्तकात (1947) तरी बरीचशी सर्कसच आहे. मोंद्रियानचं पुढचं, अपुरं राहिलेलं 'व्हिक्टरी बूगी वूगी' बघा, त्यावर रंगीत टेपचे तुकडे तसेच आहेत. तुम्हीही रंगमंचावर पिवळी टेप लावा. मुली फक्त सरळ चालतील, काटकोनात वळतील.

सहज_वाचक
पण खाली बसलेल्यांना जमीन कुठे दिसते? आणि मोंद्रियानच्या या चित्रांत तिरकी रेघसुद्धा नाही, तिथे कथकची चक्करं कशी बसवणार?

तत्कार_नाशिक
चक्कर जागच्या जागी असते, ती रेघा एकमेकींना छेदतात त्या चौकात घेता येईल. लहानसा चौकोन नाही का तिथे लुकलुकत? टेप रविवारी लावून पाहिली. अनवाणी पायाला तिची कड लागते, जोरकस तत्कारात उचकटते. म्हणून आता खडूच्या रेघा मारून सवय करून घेतेय, कार्यक्रमात रेघा नसतील. मग खालच्यांना जमीन दिसली नाही तरी बिघडत नाही. मुली रेघेवरून चालल्याचं कळेल.

पडद्याचं भाडं वाचतंय म्हटल्यावर आयोजकांनी लगेच मान डोलावली. मुलींचे कपडे करडे. लाल फक्त सॅक्सोफोनवाल्याचा शर्ट, त्याच्याकडे इस्त्रीचा तोच एक आहे.